राक्षस तुमच्या टेबलावर आला तेव्हा : अनुभव लिहा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून खेळाचा गोष्टीचा गेम, एक जण गोष्ट चालवते अन् बाकीचे त्यातली पात्रं होतात) खेळणाऱ्या विदर्भातल्या मंडळींनो, गेममधला राक्षस तुमच्याकडं कसा रंगला ते इथं टाका. तोच तो, वाघाचं डोकं, भरजरी कपडे अन् हाताचे तळवे उलटे. १९७५ पासून आहे गेममध्ये, १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलातही, म्हणजे गेममधल्या राक्षस-प्राण्यांच्या पुस्तकातही आहे. माझं मत विचाराल तर त्याले नुसतं मारामारीले आणला की वाया गेला.

चंद्रपूरकडून : आमचं गाव ताडोबाच्या बफरमधलं, वाघाचं तोंड दाखवलं तर पोरं घाबराचं सोडून माझ्यावरच चिडले. एक म्हणे शिवेवरच्या वाघोबाले आपण शेंदूर लावतो अन् हे लोक त्याले सैतान काऊन करून रायले बे? मंग मी राक्षसाले कापसाचा व्यापारी केला. काट्याजवळ खुर्ची टाकून बसलेला, गोड बोलणारा, बियाण्याले उधार देणारा, पावती मागितली की हसणारा. पार्टीनं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या टोळीनं, त्याच्याकडून आगाऊ पैसेपण घेतले! चहा आला तेव्हा एकीनं सहज विचारलं, कप कसा धरला त्यानं? मी म्हटलं, तळवा बाहेरून. सगळे चूप. (जादूच्या भ्रमानं रूप बदललं की हातही झाकता येतात, मले माहीत आहे, पण मजा कशात आहे सांगा.)

पुसदकडून : आमच्या विझार्डनं (जादूगारानं) राक्षसावर फायरबॉल, म्हणजे जादूचा आगीचा गोळा टाकला, काहीच नाही. दुसरा टाकला, तरी नाही. २०१४च्या नियमात सहाव्या लेव्हलपर्यंतचा स्पेल (मंत्र) राक्षसाच्या मनात नसंल तर लागतच नाही, हे ऐकून भाऊ उठून जेवाले गेले. उपाय म्हणजे चांगल्या मनाच्या माणसानं जादूचं टोकदार हत्यार खुपसाचं. त्याच्यावरच भांडण, कारण आमच्या धनुर्धारीनं मागच्या खेपेले संत्र्याची बाग लुटली होती, तो 'चांगला' कसा? रात्रभर मारामारी कमी अन् कोर्ट जास्त झालं.

अकोल्याहून : आमच्या जिल्ह्यात सांगोळ्याले रावणाची मूर्ती पुजतात, म्हणून माझा राक्षस विद्वान आहे, वीणा वाजवतो, शब्द दिला की पाळतो. पार्टी त्याच्याकडंच नोकरीले लागली.

मेळघाटाच्या पायथ्याहून : गेमच्या पहिल्या आवृत्तीत मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की राक्षस खलासच. आमच्याकडं तोच नियम चालू आहे, फक्त बाण मंतराले देवळात गेलं की पुजारी आधी दक्षिणा मागते, अन् पार्टीकडं कधीच सुट्टे नसतात.