मांड्या भरून आल्या की बर्फ? लॅक्टिक ॲसिडवाल्यांनो, जरा थांबा

घाटउतार: काल इथं एका महाशयांनी लिहिलं: "सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून आलात? मांड्यांत लॅक्टिक ॲसिड साचलंय. बर्फाच्या टबात बसा, दोन पेनकिलर टाका, उद्या टकाटक." वाचून डोकंच उठलं. अहो, पळताना स्नायूंत तयार होणारं ते ॲसिड तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखणं उगवतं दुसऱ्या दिवशी आणि २४ ते ७२ तासांत जोरावर येतं. मग इतका वेळ ॲसिड काय झोपलेलं असतं? स्नायूत आतून बारीक फाटतं म्हणून दुखतं, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडलं होतं. यवतेश्वरचा घाट चढताना दम जातो, पण मांड्या जातात त्या उतरताना, कारण स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो. सोमवारी ऑफिसचा जिना मी कठडा धरून उलटा उतरलो, शिपाई तोंडावर रुमाल धरून हसत होता. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी थोडं उतारावर पळा, पुढच्या वेळी निम्मंही दुखणार नाही.

टबवाला: मीच तो महाशय. ॲसिड नसेल तर नसेल, बाहेर आल्यावर बरं वाटतं ना? तुमच्या हफसाहेबांना विचारून थोडंच बरं वाटायचंय.

फिजिओताई: थंड पाण्याने दुखणं कमी होतं, तेवढं मान्य. पण ताकद वाढवायला वजनं मारत असाल तर दर वेळी टबात बसू नका. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातला १२ आठवड्यांचा प्रयोग आला, त्यात बर्फवाल्यांचे स्नायू हलकी सायकल मारणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. आणि पेनकिलर खाऊन पळणं बंद करा, किडनीवर येतं. लघवी चहाच्या रंगाची झाली तर इथं विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तालमीतला: कोल्हापुरात या सगळ्याला दुखणं म्हणतच न्हाईत. नवं पोरगं बैठका मारून दुसऱ्या दिवशी संडासात बसताना रडायचं. वस्ताद म्हणायचे, "आज थोड्या कमी मार, पण मार." संध्याकाळी तेल लावून एकमेकांचं अंग रगडायचं. आणि कुस्तीच्या हौद्यात काय नुसती माती असती व्हय? तेल, ताक, लिंबू, हळद! मॅट आली आणि पोरं फिजिओकडं रांग लावाय लागली.

फिजिओताई: रगडण्याने फरक पडतो, मी नाही कुठे म्हटलं? हळदीच्या मातीचं मात्र तुमच्या वस्तादांनाच विचारा.

मॅटप्रेमी: झालं, आली माती! ऑलिम्पिक मातीवर होतं का? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, मॅटची सवय नव्हती. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते मॅटवरच.

तालमीतला: आणि पाया कुठं घातला? त्यांच्या गावात, गोळेश्वरला, मॅट होती व्हय? आमच्या खासबागेच्या आखाड्यात एकदा येऊन बघा, मग बोला.

मॅटप्रेमी: खासबागेत मैदान बघायला येतो, पदक मोजायला नाही.

तालमीतला: तुमच्या गाद्यांवर गुडघं सोलून निघत्यात, त्याचं बोला की आधी!

घाटउतार: अहो, मांड्यांचा धागा आहे हा!

टबवाला: तुमचं भांडण चालू द्या. पुढच्या महिन्यापासून उतारावर पळतो बाबा, जिंकलात तुम्ही. टब मात्र विकणार नाही, पैसे मोजलेत.

तालमीतला: विकू नका. ताक ओता त्यात.