घास तोंडातच राहतो तेव्हा : डिमेन्शिया झालेल्यांना भरवणाऱ्यांचे अनुभव

आईच्या डिमेन्शियाला सहावं वर्ष लागलंय. हल्ली घास तोंडात धरून बसते. तुमच्या घरी काय जमलं, काय फसलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मऊ भात नीट जायचा, ठसका लागायचा तो पाण्याने! मला वाटायचं, पातळ ते सोपं. स्पीच थेरपिस्ट (गिळण्याचा त्रासही त्याच बघतात) म्हणाल्या, पातळ पदार्थ भरकन घशात उतरतो, श्वासनलिका तेवढ्यात मिटत नाही. आता ताकाऐवजी नाचणीची आंबील. किती दाट, ते त्यांनीच तपासून ठरवलं.

सून, सातारा
सासूबाई भाताला हातच लावायच्या नाहीत. पांढऱ्या थाळीत पांढरा भात, त्यांना दिसतच नव्हता! लाल थाळी आणली. (आधी मी त्यांना हट्टी म्हणून मोकळी झाले होते.)

मुलगा, ठाणे
बाबांना ठसका कधीच लागला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. फक्त जेवणानंतर आवाज ओला यायचा, घशात पाणी खुळखुळल्यासारखा. दोन महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा कळलं की अन्न न खोकताच फुप्फुसात जातंय. आता खुर्चीत ताठ बसवतो, टीव्ही बंद, चहाचा चमचा. मी समोर, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसतो. उभ्याने भरवलं की ते मान वर करतात आणि तिथेच घोळ होतो. कंठमणी वर जाऊन खाली आला की मगच पुढचा घास. नंतर अर्धा तास आडवं करत नाही. तोंडही तपासतो. एकदा रात्री कवळी काढताना गालात दुपारच्या पोळीचा गोळा सापडला होता.

नात, नाशिक
आजीचे लाडके दूध-पोहे बंद करावे लागले. दूध आधी घशात, पोहे अजून तोंडात. आता दोन्ही मिक्सरमधून एकजीव करून देते. रुसते, पण खाते.

सून, सातारा
राहिलंच. गोळ्या कुटून शिऱ्यात घालायचे. त्यातली एक दिवसभर हळूहळू विरघळणारी निघाली, ती कुटायचीच नसते. आधी डॉक्टरांना विचारा.

मुलगी, सांगली
शेवटी शेवटी नाकातून नळी घालायची का, यावर घरात भांडणं झाली. डॉक्टर म्हणाले, या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, न्यूमोनियाही टळत नाही. भाऊ म्हणाला, "म्हणजे उपाशी ठेवायचं?" नाही, हातानेच भरवत राहिलो, जाईल तेवढं. आमरसाचे चार चमचे जायचे. पाचव्याला आई ओठ मिटायची, मी वाटी खाली ठेवायचे.