दहावीसाठी शाळेत परत घालावंच लागतं असं नाही

घरीच शिकणाऱ्या मुलांना आठवीनंतर शाळेत घातलं नाही तर दहावीचं सर्टिफिकेटच मिळत नाही, असं घरशिक्षणाच्या चर्चेत दोघींनी लिहिलंय. ते बरोबर नाही. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावी आहे, १४ वर्षं पूर्ण झाली की नाव नोंदवता येतं, मराठी माध्यमही आहे. आणि खरी सोय पुढे आहे: पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, वर्षातून दोनदा परीक्षा होते, पास झालेला विषय जमा राहतो. माझ्या लेकीने चित्रकला आणि गृहविज्ञान आधी दिलं, गणित सगळ्यात शेवटी. घाई नव्हती म्हणून गणित तिला नीट समजलं.

मला जास्त सांगावंसं वाटतं ते आईबद्दल. या वयात मुलं आईकडून अभ्यासातली चूक ऐकून घेत नाहीत. मी ‘परत लिही’ म्हटलं की वही आपटली जायची. मग शेजारच्या निवृत्त बाईंकडे विज्ञान सोपवलं. भिंगाची किरणाकृती त्या तीनतीनदा खोडायला लावायच्या, पट्टी हलली तरी परत, आणि ही मुकाट काढायची! घरी येऊन मलाच समजावायची. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के वजन असतं, तेही पाठवण्याआधी त्यांनाच दाखवून घ्यायची. तेव्हा तेराव्या-चौदाव्या वर्षीच घराबाहेरचं एक असं माणूस शोधून ठेवा. मला तर त्यामुळे तिच्याशी अभ्यास सोडून दुसरं काही बोलायला पुन्हा मोकळीक मिळाली.