'बॉर्डरलेस काढा, एफपीएस दुप्पट' हा सल्ला अर्धवट आहे

संत्राबाग
सिंगलफेज भाऊंनी काल स्कायरिम स्पेशल एडिशन या गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) वाढवण्यावर पोस्ट टाकली. तिचा सार असा : "बॉर्डरलेस काढा, फुलस्क्रीन लावा, व्हीसिंक शून्य करा. जुन्या लॅपटॉपवरही एफपीएस दुप्पट. बाकी काहीच करू नका." लोक धन्यवाद देऊन राहिले, पुढे पाठवून राहिले, म्हणून सविस्तर लिहितो. बॉर्डरलेस म्हणजे पडदाभर पसरलेली बिनचौकटीची खिडकी, फुलस्क्रीन म्हणजे अख्खा पडदा गेमच्या ताब्यात, व्हीसिंक म्हणजे फ्रेम पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग.

दुप्पट होतात ते मोडमुळे नाही, रिझोल्यूशनमुळे. या गेममध्ये बॉर्डरलेस लावून आकार कमी केला तर खिडकीच छोटी होते, चित्र ताणून पूर्ण पडद्यावर येत नाही. म्हणून बॉर्डरलेसवाले सगळे १९२० बाय १०८० वर अडकलेले असतात. फुलस्क्रीनवर गेले की लाँचरमध्ये १२८० बाय ७२० निवडता येतं आणि लोक ते निवडतात. आता मोजा : पहिल्यात २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, दुसऱ्यात ९ लाख २१ हजार ६००. सव्वादोन पट काम कमी झालं, आणि श्रेय मोडला मिळालं.

पडताळायचं असेल तर डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा आणि बॉर्डरलेसमध्ये गेम लावा. जवळपास तेच आकडे येतील.

व्हीसिंक शून्य करा हा सल्ला तर नुकसानीचा आहे. स्कायरिमचं फिजिक्स ६० एफपीएसला बांधलेलं आहे. घराच्या आत, गुहेत, जिथे भार कमी असतो तिथे ९०-१०० वर गेलं की टेबलावरची भांडी दार उघडताच उडतात. सुरुवातीची बैलगाडी म्हणा की घोडागाडी, ती उलटीपालटी होते. व्हीसिंक काढायचंच असेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये किंवा रिव्हाट्यूनर या प्रोग्राममध्ये ६० ची मर्यादा घाला.

सिंगलफेज
भाऊ, मी पोस्ट टाकली ती इथल्या लोकांसाठी. इथे नवीन गेमिंग लॅपटॉप कोणाकडे आहे? इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचे सेकंडहँड लॅपटॉप, ८ जीबीची एकच रॅम, विंडोज १०. त्यांच्यावर बॉर्डरलेसचा भार खरा आहे, तो तुम्ही एका ओळीतही लिहिला नाही.

हिशेब मीही मांडतो. विंडोज १० वर जुन्या पद्धतीचा डीएक्स ११ (डायरेक्टएक्स, विंडोजची गेमचं चित्र काढायची व्यवस्था) गेम बॉर्डरलेसमध्ये असला की प्रत्येक फ्रेमची नक्कल होते आणि मग डेस्कटॉपचा कम्पोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्यांचं एकच चित्र करणारा विंडोजचा भाग, ती पडद्यावर मांडतो. एक फ्रेम ८३ लाख बाइट, म्हणजे ८.३ एमबी. सेकंदाला ६० धरल्या तर एकदा लिहायला ५०० एमबी, वाचायला तेवढेच, आणि कम्पोझिटर पुन्हा तेच करतो. झाले २ जीबी. डीडीआर ४ रॅमची २४०० वाली एकच स्टिक सेकंदाला १९.२ जीबी देते, आणि त्यातच प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही जेवतात. दहावा हिस्सा नकलेत गेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला हे जाणवत नाही, पण ज्याच्याकडे नाही त्याचे ३-४ एफपीएस जातात, आणि २८ चे ३२ होणं हा मोठा फरक आहे.

संत्राबाग
दहा टक्के म्हटले असते तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. तुम्ही दुप्पट म्हणाले.

धानाची_बांधी
दोघांनीही एक गोष्ट सोडली. विंडोज १० वर तुम्ही 'फुलस्क्रीन' निवडता तेव्हा ते खरंच एक्सक्लुझिव्ह, म्हणजे पडदा फक्त गेमच्या ताब्यात, असं असतं का? २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन आलं. ते चालू असलं की गेमला वाटतं आपण एक्सक्लुझिव्ह आहोत, पण आतून विंडोज त्याला फ्लिप पद्धतीच्या (नक्कल न करता तीच फ्रेम पुढे द्यायची) बॉर्डरलेससारखं चालवतं. नक्कल टळते, आल्ट टॅबही झटकन होतं.

खरं काय चाललंय ते प्रेझेंटमॉन हा फ्रेम मोजणारा प्रोग्राम लावून पाहा. प्रेझेंट मोडच्या रकान्यात 'हार्डवेअर लेगसी फ्लिप' दिसलं तर जुनं एक्सक्लुझिव्ह. 'हार्डवेअर इंडिपेंडंट फ्लिप' दिसलं तर खिडकी असूनही थेट पडद्यावर. 'कम्पोज्ड कॉपी' दिसलं तर सिंगलफेज म्हणतात ती नक्कल सुरू आहे. रकाना न बघता भांडण्यात अर्थ नाही.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन डिफॉल्ट सेटिंगमध्ये विंडोड गेमसाठीचं ऑप्टिमायझेशन चालू करा आणि गेम बंद करून पुन्हा उघडा. डीएक्स १० आणि ११ चे गेम नव्या फ्लिप पद्धतीवर जातात. डीएक्स ९ ला उपयोग नाही. डीएक्स १२ ला गरजच नाही, तिथे फ्लिपशिवाय दुसरी पद्धत नाही.

सिंगलफेज
अकरावालं सेटिंग सातव्या जनरेशनच्या मालकाला काय कामाचं? त्याला अधिकृतपणे ११ मिळतच नाही.

धानाची_बांधी
मग एसएसई डिस्प्ले ट्वीक्स हा मॉड (गेममध्ये बाहेरून टाकायची भर) टाका. आधी त्याला लागणाऱ्या दोन गोष्टी, एसकेएसई आणि ॲड्रेस लायब्ररी, दोन्ही गेमच्या आवृत्तीशी जुळणारे. त्याच्या सेटिंग फाइलीत स्वॅप इफेक्ट फ्लिपवर ठेवता येतो, म्हणजे विंडोज १० वरही बॉर्डरलेसमध्ये नक्कल टळते. बॉर्डरलेस अपस्केल चालू केलं की १२८० बाय ७२० चं चित्र पूर्ण पडद्यावर ताणलं जातं. ६० ची मर्यादाही त्यातच. तुमच्या दोघांच्या भांडणाचं मूळच जातं.

सिंगलफेज
मॉडशिवाय जमत नाही हे तरी मान्य झालं. अपस्केलचं मला ठाऊक नव्हतं. बरं, ते मान्य. पण नवख्या पोराला एसकेएसईची आवृत्ती जुळवायला लावण्यापेक्षा फुलस्क्रीनची टिक सोपी, हे माझं म्हणणं कायम आहे.

जिनिंग_गेट
टिक सोपी, पण लागू होते का? निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. फाइल डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्सच्या आत स्कायरिम स्पेशल एडिशन फोल्डरमध्ये, नाव स्कायरिमप्रेफ्स. डिस्प्ले या भागात फुल स्क्रीन, बॉर्डरलेस, साइझ डब्ल्यू, साइझ एच अशा ओळी आहेत. फुलस्क्रीनला १ आणि बॉर्डरलेसला ०, किंवा उलट.

कुठे फसतं ते सांगतो. वनड्राइव्ह चालू असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो आणि लोक रिकाम्या जुन्या फोल्डरात फाइल शोधत बसतात. मॉड ऑर्गनायझर वापरत असाल आणि प्रोफाइलची स्वतंत्र फाइल चालू असेल तर डॉक्युमेंट्समधला बदल गेम वाचतच नाही, प्रोफाइलमधली फाइल बदलावी लागते. आणि १५ इंची लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग बहुधा १२५ टक्के असतं. त्यात बॉर्डरलेस लावलं की चित्र पडद्याबाहेर जातं, उजवा-खालचा कोपरा कापला जातो. गेमच्या एक्झी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग, तिथे ओव्हरराइड करून 'ॲप्लिकेशन' निवडा.

वाळ्याची_ताटी
राजेहो, तुम्ही मोडवर भांडून राहिले आणि बाहेर पारा ४५ वर आहे. मे महिन्यात विदर्भात एफपीएस पडतात ते गरमीनं. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत गेला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडा, थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत 'येस' आलं तर फुलस्क्रीन, बॉर्डरलेस सगळं सारखंच. पहिली वीस मिनिटं ४५ एफपीएस आणि मग ३०, हे लक्षण गरमीचं आहे. खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा कॅबिनेटवर घ्या. कोरड्या मे महिन्यात कूलर खोली १० ते १५ अंशांनी खाली आणतो, कोअरचं तापमानही जवळपास तेवढंच उतरतं.

जिनिंग_गेट
कूलर थेट कॅबिनेटवर? ओल्या हवेनं मदरबोर्ड खराब करायचा सल्ला देऊ नका.

वाळ्याची_ताटी
ओलाव्याची भीती चुकीच्या जागी आहे. पाणी साचतं ते थंड वस्तूवर. कॅबिनेटच्या आतलं सगळं हवेपेक्षा गरम असतं, आत शिरल्यावर हवा तापते आणि तिचा सापेक्ष ओलावा उतरतो. चालू मशीनच्या बोर्डावर दव पडत नाही.

जिनिंग_गेट
दव नाही, थेंब! ताटीतून उडणारे बारीक थेंब. खारपाणपट्ट्यात या आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरची ताटी पाहा. दोन महिन्यांत वाळ्यावर पांढरा थर जमतो, बोट फिरवलं तर खडबडीत लागतो. तेच मीठ थेंबातून पंख्यावर, हीटसिंकवर, रॅमच्या पिनांवर जातं. सुकल्यावर क्षार राहतो, पावसाळ्यात तो ओलावा ओढून घेतो आणि पितळ-तांबं हिरवं पडतं. त्यात जिनिंगजवळच्या गावात रुई उडते. रुई, धूळ आणि थेंब मिळून फिन्सवर नमदा तयार होतो, फुंकून निघत नाही. आधी ब्रश, मग ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर अतिवेगानं फिरून बेअरिंग जातं.

वाळ्याची_ताटी
थेंबांचं खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. मग अंतर ठेवा : कूलर ६-७ फूट दूर, झोत कॅबिनेटवर नाही, खोलीत. पंपाचा कॉक कमी करा, ताटी ओली राहिली पाहिजे, गळली नाही पाहिजे. समोरची खिडकी उघडी ठेवा. लोक एसीसारखी खोली बंद करतात, ओलावा साचतो आणि अर्ध्या तासात कूलर थंडावा देणं सोडतो. खाऱ्या पाण्याच्या गावात टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर मीठ वाढतच जातं.

पोल_नंबर_१४
कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावणाऱ्यांनो, काहून जिवाशी खेळता? पत्र्याच्या कूलरचा पंप लीक झाला आणि अर्थिंग नसलं तर कूलरचा पत्रा आणि कॅबिनेटची बॉडी दोन्हीत करंट येतो, कारण त्या बोर्डाची अर्थची तार दोघांना जोडते. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा, २-३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंग आणि न्यूट्रल दोन्ही तपासायची वेळ झाली.

आणि एफपीएसबद्दल माझीही एक तक्रार आहे. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि बॅटरी बूस्ट चालू असेल तर ते मर्यादा ३० वर आणतं. गावठाण फिडरवर दिवसातून चारदा लाइट ये-जा करते, आणि पोरं समजतात बॉर्डरलेसनं एफपीएस पडले. आधी खाली उजव्या कोपऱ्यात चार्जिंगचं चिन्ह आहे का ते पाहा.

संत्राबाग
बॅटरी बूस्टचा मुद्दा पक्का आहे. ३० वर चिकटण्याचं दुसरं कारणही लिहून ठेवतो. एक्सक्लुझिव्ह, व्हीसिंक चालू आणि दोनच बफर (फ्रेम ठेवायच्या जागा) असतील तर फ्रेमला १६.७ मिलिसेकंदांच्या वर वेळ लागला की ती पडद्याच्या पुढच्या फेरीला, म्हणजे ३३.३ ला दिसते. ५० देऊ शकणारं मशीन ३० वर आपटतं. बॉर्डरलेसमध्ये फ्रेम रांगेत थांबतात म्हणून असं आपटत नाही, पण माउस जड लागतो. म्हणजे काही मशीनवर बॉर्डरलेसच सरस ठरतं. सिंगलफेज भाऊ, हे तुमच्या पोस्टच्या अगदी उलट आहे.

सिंगलफेज
उलट असेल, पण माउस जड लागतो हे तुम्हीच लिहिलं. धनुष्यबाण वापरणाऱ्याला तो जडपणा सोसत नाही. मी 'दुप्पट' काढून 'रिझोल्यूशनही कमी केलं तर' असं लिहितो, व्हीसिंकची ओळ काढतो आणि ६० च्या मर्यादेची टाकतो. फुलस्क्रीनची शिफारस काढणार नाही.

धानाची_बांधी
दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपचं एक वाक्य त्यात टाका. पडदा थेट कार्डाला जोडणारा मक्स स्विच नसेल तर पडदा इनबिल्ट ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. कार्डानं काढलेली फ्रेम तिकडे न्यावीच लागते, मोड कोणताही असो. तिथे फुलस्क्रीनचा फायदा आणखी कमी दिसतो.

नवी_टाकळी
माझ्यासारख्याला सरळ सांगा. सातवी जनरेशन आय ५, वेगळं कार्ड नाही, ८ जीबीची एकच स्टिक, विंडोज १०, पडदा १०८०. काय लावू?

धानाची_बांधी
पहिलं काम, रिकामा स्लॉट असेल तर त्याच वेगाची दुसरी ८ जीबी टाका. रॅमचे दोन चॅनल झाले की तुमच्या मशीनला कोणत्याही मोडपेक्षा जास्त मिळेल. मग १२८० बाय ७२०, गॉडरेज (गेममधली सूर्यकिरणं) बंद, सावल्यांचं अंतर निम्मं. शहरांत भार प्रोसेसरवर येतो आणि तो सावल्यांनीच वाढतो. म्हणून पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसर ९९ टक्के करून टर्बो, म्हणजे त्याचा वाढीव वेग, मारू नका, गरमी कमी होईल पण शहरात एफपीएस बसतील. मॉड टाकता येत असेल तर बॉर्डरलेस अपस्केल, नसेल तर फुलस्क्रीन.

सिंगलफेज
म्हणजे मॉडशिवाय फुलस्क्रीनच. नवी टाकळी, रॅम घेताना जुन्या स्टिकवरचं लेबल वाचून जा. डीडीआर ३ एल की डीडीआर ४, दोन्ही त्या जनरेशनमध्ये येतात आणि खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्तीनं दाबू नका.