मार्मोसेट आणि झेब्रा फिंच

माणूस बोलणं कसं शिकतो ते समजायला मार्मोसेट (एक छोटं माकड) बघावं की झेब्रा फिंच (एक छोटा गाणारा पक्षी)? काही जण म्हणतात की माकड आपल्या जवळचं, त्यामुळे पक्षी कशाला बघायचे. पण नक्कल करून शिकण्यात १२-१५ ग्रॅमचा फिंच बहुतेक सगळ्या माकडांच्या पुढे आहे! त्यात गातो फक्त नर, आणि तो साधारण ९० दिवसांचा होईपर्यंत बापाचं गाणं ऐकून, बडबडत बडबडत स्वतःचं पक्कं करतो, ऐकायला कोणी मिळालंच नाही तर गाणं विचित्रच राहतं आणि एकदा बसलं की जन्मभर तेच.

मार्मोसेट तसा नवा आवाज उचलत नाही. पण पिल्लू रडल्यासारखं ओरडतं तेव्हा आईबापांनी उत्तर दिलं की त्याची हाक लवकर सुधारते, २०१७ च्या एका प्रयोगात जुळ्यांपैकी एकाला जास्त उत्तरं ऐकवली तर त्याचा आवाज आधी मोठ्यांसारखा झाला. (मार्मोसेटना बहुतेक जुळीच होतात, प्रयोगवाल्यांची सोयच.) शिवाय मोठे एकमेकांचं संपेपर्यंत थांबतात, चारपाच सेकंद गेले की मग उत्तर, आपल्याकडे एवढा पेशन्स कुणाला असतो म्हणा. त्यामुळे गप्पांची पद्धत बघायची तर माकड, पण आवाज शिकणं बघायचं तर माझं मत फिंचला.