शब्दचर्चा : लाभार्थी, हक्कदार, ऐतखाऊ

प्रश्न : सरकारी मदत घेणाऱ्यांसाठी मी सरसकट ‘लाभार्थी’ लिहितो. संपादकांनी ‘हक्कदार’ सुचवला. फरक काय? शिवाय लेखात ‘अशा योजनांनी माणसं ऐतखाऊ होतात’ असं वाक्य आहे. तिथे ‘परावलंबी’ चालेल का?

प्रतिसाद १ : लाभ + अर्थी. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थी, शरणार्थी यांतला तोच. फोड केली तर लाभ हवा असलेला तो लाभार्थी, रूढ अर्थ मात्र ‘ज्याला लाभ मिळाला तो’. त्यामुळे ज्याने कागद जोडले, खेटे घातले आणि तरी ज्याचं नाव यादीत आलं नाही, तो या शब्दाबाहेर राहतो. योजनेचं यशापयश मोजताना नेमकी हीच माणसं गळतात. ‘हक्कदार’मध्ये ती येतात, पैसे हाती पडोत न पडोत, हक्क शाबूत असतो. पण कायद्याने हक्क दिलेलाच नसेल, सगळं मर्जीवर असेल, तर तिथे ‘हक्कदार’ लिहू नका. ‘पात्र व्यक्ती’ म्हणा.

‘ऐतखाऊ’ तर काढाच. माझा आक्षेप शब्दाइतकाच विधानालाही आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या सात प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत मिळाली म्हणून लोकांनी काम सोडलं, असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. मेक्सिकोत १९९७ पासून मुलांची शाळेतली हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर आईच्या हाती रोख रक्कम दिली गेली. माध्यमिक शाळेत मुलींची संख्या वाढली. मदतीने माणसं आळशी होतात, हा संशय जुना आहे. गरिबांना मदत देण्याविषयीच्या इंग्लंडच्या १८३४ च्या कायद्यामागचं तत्त्वच असं होतं, की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असावी. आधार मागणाऱ्याला आधी अपमान सोसायला लावायचा, हे मला आजही संतापजनक वाटतं.

प्रतिसाद २ : तरी ‘परावलंबी’ एकदम टाकून देऊ नका. काही ठिकाणी उत्पन्नाने मर्यादा ओलांडली की सगळी मदत एका झटक्यात बंद होते. एखाद्या बाईने जादा पाळी घेतली, तर पगार थोडा वाढतो आणि घरभाड्याची, औषधांची मदत पूर्ण जाते. महिन्याअखेरीस हातात आधीपेक्षा कमीच पडतं. मग ती जादा पाळी नाकारते. योजनेने तिचं नुकसानच केलं ना?

प्रतिसाद १ : केलं, मान्य. पण ‘परावलंबी’ म्हटलं की दोष तिच्या स्वभावाला चिकटतो, आणि ती तर चोख हिशेब करते आहे. यासाठी ‘दारिद्र्याचा सापळा’ हा शब्दप्रयोग आहेच, तो घ्या. मिळकत वाढेल तशी मदत टप्प्याटप्प्याने कमी केली, तर हा सापळा बराच सैल होतो.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असं करतो : ‘मदत एकदम तोडणाऱ्या नियमांमुळे माणसं दारिद्र्याच्या सापळ्यात अडकतात.’

प्रतिसाद २ : हे पटलं. फक्त ‘माणसं’च्या आधी ‘काही’ घाला. सगळ्याच योजनांत असा नियम नसतो.