हाताला गाठ लागत नाही, तरी बायोप्सी?

खिडकीतली:
वय ४७. मॅमोग्राफीत डाव्या स्तनात कॅल्शियमचे बारीक कण, एका जागी दाटीने. रिपोर्टवर बायरॅड्स ४बी, म्हणजे संशयाची श्रेणी. हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणतात स्टिरिओटॅक्टिक व्हॅक्यूम बायोप्सी करू, म्हणजे एक्स-रेवरून जागा शोधून जाड सुईने तुकडे ओढून काढायचे. सासूबाई म्हणतात, सुई टोचली की पसरतं. मला दुखण्याचीच जास्त भीती आहे, पण ते त्यांच्यापुढे बोलले नाही. साध्या बारीक सुईने भागणार नाही का?

अबोली:
माझंही अगदी हेच झालं होतं. भुलीचं इंजेक्शन झोंबलं, काही सेकंद. पुढे नुसता दाब जाणवला. खरा त्रास झाला मानेला! मला पालथं झोपवलं होतं, टेबलाला भोक, स्तन त्यातून खाली आणि मॅमोग्राफीसारखाच दोन पट्ट्यांत दाबलेला. मान एका बाजूला वळलेली, आणि हलायचं नाही. दोन वेगळ्या कोनांतून फोटो घेतात आणि त्यावरून कण किती खोल आहेत ते कॉम्प्युटर काढतो, म्हणून तू हललीस की सगळं पुन्हा.

मशीनच्या आवाजाचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. ते घुर्र करून सुरू झालं आणि मी दचकलेच. तुकडे निघाल्यावर त्यांचाच एक्स-रे काढला. पांढरे ठिपके दिसल्यावर टेक्निशियन बाई म्हणाल्या, "आले." त्या जागी खूण म्हणून धातूची इवलीशी क्लिप ठेवली. टाका नाही, पट्टी. जांभळा डाग मात्र दोन आठवडे होता. पुढून बटणं असलेला कुर्ता घालून जा.

काचपट्टी:
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बारीक सुईने, म्हणजे एफएनएसीने, सुट्या पेशी मिळतात. कर्करोग निघालाच, तर तो दुधाच्या नळीतच आहे की भिंत फोडून बाहेर गेलाय, हे सुट्या पेशींवरून ठरत नाही. त्याला सलग तुकडा लागतो. शिवाय सोनोग्राफीत कण दिसतच नाहीत, तर सुई कशाच्या आधाराने घालणार?

४बी म्हणजे कर्करोगाची शक्यता १० ते ५० टक्के. म्हणजे काही न निघण्याचीही शक्यता बरीच, पण थांबून बघण्याइतकी कमी नाही. पसरण्याबद्दल: सुईच्या वाटेत थोड्या पेशी सरकू शकतात, पण त्यामुळे आजार वाढतो असं दिसलेलं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि रिपोर्ट साधा आला तरी तो मॅमोग्राफीतल्या चित्राशी जुळतो का, हे रेडिओलॉजिस्टना विचाराच. जुळत नसेल तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

खिडकीतली:
मानेचं वाचून पोटात गोळा आला, मला स्पॉन्डिलायटिस आहे. बसवून करतात का कुठे?

अबोली:
करतात, मशीन तसं असेल तर. तारीख घेण्याआधीच फोन करून विचार.